न मरणारे मासे

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काचेची एक मोठी टाकी होती, आणि तिच्यातल्या माशांची सगळी उस्तवार जिच्याकडे होती तिला सगळे मासेबाई म्हणत. पंपाकडे जाणाऱ्या नदीच्या पाण्याचा एक फाटा या टाकीतून जायचा. टाकीतले मासे उलटे झाले की भोंगा वाजवायचा, पंप थांबवायचे आणि वरच्या अंगाच्या रंगकारखान्याचा नाला बंद करायला लावायचा, असा नियम. गेल्या कित्येक वर्षांत भोंगा वाजला नव्हता. पंपघराचे साहेब त्याचा टेंभा मिरवायचे. मासेबाईला मात्र काच पुसून पुसून शीण आला होता.

खालच्या अंगाला तिचा थोरला भाऊ मासेमारी करायचा. करायचा म्हणजे होडी पाण्यात ढकलायचा आणि रिकामं जाळं घेऊन परत यायचा. नदीत औषधालाही मासा उरला नव्हता. होते ते त्याच्या घरामागच्या झऱ्याच्या डबक्यात. पाणी बरं होतं तेव्हा धरून ठेवलेले मासे तिथे वाढत होते. नदी निवळली की तेच बीज म्हणून सोडायचे, एवढ्या आशेवर त्याने होडी विकली नव्हती. होडीला गिऱ्हाईक मात्र उंबरा झिजवत होतं.

"तुझेच मासे तेवढे टुणटुणीत कसे गं?" त्याने एकदा विचारलंच. "नदी तीच, पाणी तेच. साहेब त्यांना दूध पाजतो की काय?"

"मी काय खोटं सांगते का, दादा? ये आणि बघ."

तो आला, पण येताना डब्यात डबक्यातले दोन मासे घेऊन आला. तिने ते टाकीत सोडले. दोघांचा चहा संपायच्या आत दोन्ही मासे उलटे झाले. टाकीतले जुने मासे आले, त्यांना तोंड लावून गेले आणि काचेशी येऊन खाणं मागू लागले.

मासेबाईला मग सगळं उमगलं. पूर्वी या टाकीतही मासे मरायचे. दरवेळी बाहेरून नवे आणण्याची यातायात कोण करणार, म्हणून वाचलेल्यांचीच पिल्लं वाढवायची युक्ती तिने काढली होती, आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. नाजूक ते गेले, चिवट ते राहिले, त्यांची पोरं आणखी चिवट निघाली. घर लुटलं तरी भुंकायचा नाही असा कुत्रा तिने मायेने पाळला होता. तिला स्वतःची फार लाज वाटली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. "डब्यात हिंदकळून मेले असतील, बाई. दोन माशांवरून कारखान्याशी कोण भांडणार? टाकीभर मासे मेले तर गोष्ट वेगळी."

संध्याकाळी ती दादाच्या डबक्याशी जाऊन उभी राहिली.

"सगळे दे मला."

"अगं, बीज आहे ते. पुन्हा कुठून आणू?"

"माहितेय."

"आणि मेले तर?"

"मेले तरच भोंगा वाजेल, दादा."

त्याने जाळी घेतली आणि एकेक मासा जपून वर काढला.

तिने आपले मासे ड्रममध्ये काढले, टाकी झऱ्याच्या पाण्याने भरली आणि दादाचे मासे त्यात सोडले. प्रवासाने मेले असं पुन्हा कोणी म्हणू नये म्हणून काही दिवस त्यांना तिथे रुळू दिलं. साहेबांनी स्वतः येऊन ते धडधाकट असल्याचं बघितलं. मग तिने नदीच्या पाण्याचा कॉक उघडला. तिथे थांबणं तिला सहन होत नव्हतं, तरी ती थांबली. मासे आधी वर येऊन तोंडं उघडू लागले, मग आडवे झाले. शेवटचा उलटा झाल्यावर तिने भोंगा वाजवला.

साहेब धावत आले. टाकी बघून त्यांचा चेहरा उतरला. पंप थांबले, कारखान्याचा नाला बंद झाला. ड्रममधल्या माशांचीही तपासणी झाली. "यांच्या अंगात विष मुरलंय," साहेब म्हणाले. "मांजरालाही घालू नका."

नदी निवळायला बरेच महिने लागले. तळ दिसू लागला तेव्हा दादा पंपघरात आला.

"पाणी छान झालंय," तो म्हणाला.

"हे सोडायचे का नदीत?" तिने ड्रमकडे बोट दाखवलं. "जगतील बघ."

"जगतील गं. पण धरून कोणाच्या ताटात वाढू?"

तिने बोट खाली घेतलं.

"होडी विकून टाकली मी काल," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मासे मीच दिले होते."

त्याने चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला फार वाटत होतं. पण तो ड्रमपाशी बसून त्या माशांना खाणं टाकू लागला.