डावा पंख

रंगकाकांनी उजवा पंख गिरवलेला पातळ कागद चित्रावर पालथा घातला, नखाने घासला आणि अलगद उचलला. पतंगाचा डावा पंख हुबेहूब उमटला होता. संग्रहालयाचे चित्रकार म्हणून तीस वर्षं त्यांची हीच रीत: उजवा पंख बघून काढायचा, डावा त्याच्यावरून उलटा उतरवायचा. हे शेवटचं चित्र. उद्यापासून निवृत्ती. ती त्यांना मुळीच नको होती, पण घरी मात्र ते ‘सुटलो एकदाचा’ म्हणत मिरवत होते.

कीटकांचे खण सांभाळणारी पुतणी भिंग घेऊन समोर टाचलेल्या पतंगावर वाकली.

“काका, डावीकडे एक खिडकी राहिली.”

पंखावरच्या काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या डागांना ती दोघं खिडक्या म्हणत.

“राहील कशी? उजवीकडे एकच आहे.”

“उजवीकडे एकच. डावीकडे शेजारी एक चिमुकली आहे. बघा तरी!”

“तू मला शिकवू नकोस. दोन्ही पंख काय वेगळे...”

भिंगाला डोळा लावलेले काका मध्येच थांबले. चिमुकली खिडकी होती. तिच्यातून खालचा पांढरा कागदही दिसत होता.

आधी ते ओशाळले. मग त्यांनी दुसरा खण ओढला, मग तिसरा. कुठे डावीकडची रेघ जरा जास्तच वळलेली, कुठे ठिपका लांबट. शेवटी त्यांना इतकं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“अगं, मी तीस वर्षं यांच्याशी अर्धीच ओळख ठेवली!”

पुतणी तडक संचालकांकडे गेली आणि हसतच परतली.

“साहेब म्हणाले, सगळी चित्रं दुरुस्त होईपर्यंत काकांना सोडायचं नाही.”

काकांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मग काकू आठवल्या. त्यांनी भीतभीतच घरी फोन लावला.

“अगं, ते निवृत्तीचं जरा लांबलं बघ. डावी बाजू काढायची राहिलीय.”

“कशाची?”

“सगळ्यांचीच.”

काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

“म्हणजे उद्यापासून तुम्ही दिवसभर घरी नसणार?”

“नाही ना.”

“सावकाश काढा हो,” काकू म्हणाल्या. आवाजातला आनंद त्यांना काही केल्या लपवता येईना. “अगदी काही घाई करू नका.”