दुसऱ्याच्या नावे बिल

मी करारातली एक अट बोलतेय. तिसऱ्या पानाच्या तळाशी राहते. इथवर वाचत कुणी येत नाही. माणसं पहिल्या पानावर आपलं नाव तपासतात आणि थेट सहीलाच पोचतात. माझं म्हणणं एवढंच : 'मालाच्या बिलाचे येणे पैसे दुसऱ्या कुणाच्या नावे करता येणार नाहीत.'

माझा जन्म रागातून झाला. अमरावतीत क्लासच्या पोरांसाठी मेस चालवणारे भगवंतराव माझे मालक. एका भाजीवाल्याने खताच्या उधारीपोटी आपलं मेसचं बिल खतवाल्याच्या नावे करून दिलं आणि गुपचूप स्वतःही येऊन पैसे नेले. मागून खतवाला दारात हजर. एकाच गाडीच्या बटाट्याचे दोनदा पैसे गेले. भगवंतराव तडक वकिलाकडे गेले. "मले आता हा फंदच नको," म्हणाले, आणि मी टाइप झाले. तोरा तर मला असा, की विचारू नका.

अचलपूरजवळची शालू मेसला भाजी पुरवते. पैसे तीन महिन्यांनी मिळतात हे तिला ठाऊक होतं, मी मात्र ठाऊक नव्हते. तिच्या बाजारात माल विकल्यावर अडत्याने दिलेली पैशांची चिठ्ठी दुकानदाराला द्यायची, बियाणं उचलायचं, मग दुकानदार अडत्याकडून पैसे घेणार, अशी जुनी रीत. त्याच सवयीने तिने मिरचीच्या रोपांसाठी मेसचं बिल नर्सरीवाल्या चंद्रभानपुढे ठेवलं, सोबत करारही.

चंद्रभान सावकाश वाचत माझ्यापर्यंत आला.

"वहिनी, हे बिल मले घेता येत नाही. इथं लिवलं हाये. रोपं परवापर्यंत ठेवतो, मंग दुसरं गिऱ्हाईक हाये."

शालूचा चेहरा उतरला. रान तयार होतं, रोपं हुकली तर हंगामच गेला. मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रभानला सोबत घेऊन एसटीने मेसवर आली.

"भगवंतभाऊ, हे काहून लिवलं?"

"दोनदा पैसे भरले बाई मी."

"तुमचं बरोबर हाये. पण मी काई लपून देऊन नाही राहिली. ज्याले द्याचं त्यालेच घेऊन आली. आमी दोघंही तुमच्यासमोर सही करतो. मंग मी मागाले आली तं हाकलून द्या."

भगवंतराव चंद्रभानकडे वळले. "अन् तू मुदतीआधी तगादा लावला तं?"

"नाही लावत. तीन महिने थांबतो."

भगवंतरावांनी करार पुढ्यात ओढला. मग त्यांनी पेन काढलं, माझ्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : 'बिल दुसऱ्याच्या नावे करता येईल, मात्र दोघांनी मालकासमोर सही करावी.' खाली तिघांच्या सह्या झाल्या.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या नव्या ओळीकडे बघितलं आणि मन निवलं. ज्या भीतीपायी भगवंतरावांनी मला घातलं, तिचा बंदोबस्त त्या ओळीनेही केला, आणि शालूची वाटही अडवली नाही. आता तिच्या रानात मिरची फुलावर आहे म्हणे.

मी खोडलेली असले तरी वाचता येते. नव्या करारांतून मला काढायला भगवंतरावांनी सांगितलंय. माझ्या बहिणी मात्र अजून पुष्कळ ठिकाणी ठाण मांडून आहेत. तुम्हाला कुठे भेटल्या तर त्यांच्यावर चिडू नका. सही करण्याआधी त्यांच्या मालकासमोर बसा आणि त्याला नेमकी कशाची भीती वाटते, तेवढं विचारा.