चढणीवरची फुंकर

मी एक जुना पितळी जेट आहे, मित्रांनो. आकाशात पांढरी रेघ ओढत जातं ते जेट नव्हे. मी हरभऱ्याच्या दाण्याएवढा आणि माझ्या पोटात आरपार सुईएवढं भोक. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये माझा मुक्काम असे. टाकीतलं पेट्रोल माझ्या भोकातून इंजिनात जातं. भोक मोठं झालं तर गाडी फार पिते, बारीक झालं तर उपाशी राहते. थोडक्यात, माझं सगळं मोठेपण जिथे मी नाही तिथेच आहे!

लेथवर पितळेचा भुगा उडाला, अंगाला आटे पडले, डोक्याला खाच पडली आणि मी राहात्याच्या छगन मिस्त्रीकडे आलो. तिथे तंबाखूच्या रिकाम्या डबीत वॉशर आणि स्प्रिंगांच्या शेजारी मी तीन वर्षं काढली. मला कोण विचारणार? १९९४ साल होतं, आणि जो तो 'ॲव्हरेज'च्या मागे होता.

त्यात आदिनाथराव सगळ्यांच्या पुढे. शुगर फॅक्टरीत स्टोअरकीपर. आपल्या मोटारसायकलीत त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्याहून बारीक भोकाचा जेट बसवला होता. टपरीवर ते छाती काढून सांगत, "ऐंशीचं ॲव्हरेज देती. खोटं वाटत आसंल तर मोजा." आणि पेट्रोल वाचावं म्हणून स्वतः रोज फॅक्टरीच्या टेम्पोने जात. गाडी ओट्याशी पुसून उभी.

सपाटीवर ती बरी पळे. पण त्यांची बायको जयमालाबाई, तिचं माहेर भंडारदऱ्याच्या वाटेवर. राजूरच्या पुढे चढण लागली की उपाशी गाडी धापा टाके. मग जयमालाबाई उतरत. आदिनाथराव एकटे वर जाऊन झाडाखाली थांबत आणि त्या साडी सावरत पायी येत. शेवटची चढण तर थेट गावात शिरणारी. मागच्या दिवाळीला भावजय रश्मीने दारातच हसून विचारलं, "वन्सं, दाजी गाडीवर आले. तुमी काय शेरडांमागं आल्या का?"

सगळे हसले. जयमालाबाईही हसल्या. पण ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं त्यांना वर्षभर रुतत राहिलं.

आणि रश्मीला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. नाव आत्यानेच ठेवायचं. जयमालाबाईंनी कुंची शिवली, नाव मनात पक्कं केलं आणि आणखी एक गोष्ट पक्की केली: या खेपेला गावात शिरायचं ते गाडीवर बसूनच.

आदिनाथराव फॅक्टरीत गेल्यावर त्यांनी गाडी ढकलत छगनकडे आणली. गाडीबरोबर चालायची त्यांना सवय होतीच.

"छगनभाऊ, ही मला घेऊन चढली पायजे."

"वहिनी, मालकास्नी इचारलं का?"

"त्यांनी बारीक जेट बसवताना मला इचारलं हुतं का? चालते तर मी!"

छगनने डबी उघडली. मित्रांनो, तीन वर्षांनी मी उजेड पाहिला! त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरची वाटी सोडली, बारीक जेट काढून मला आटे जुळवून बसवलं. किक मारली. पहिलं पेट्रोल माझ्यातून सळसळत गेलं आणि मला गुदगुल्या झाल्या. छगनने कान देऊन हवेचा स्क्रू पाव पाव आटा फिरवला, एक चक्कर मारून प्लग काढून पाहिला. भाजलेल्या विटेचा रंग, म्हणजे पेट्रोल अगदी बेताचं!

"आता गाडी पोटभर जेवली," तो म्हणाला. "पन वहिनी, जेट तुंबला तर फुंकर मारायची. पिन घालायची न्हाई. भोक बिघडलं की जेट कामातून गेला." काढलेला बारीक जेट जयमालाबाईंनी पदराच्या गाठीत बांधला.

बारशाच्या दिवशी गाडी अशी निघाली की आदिनाथराव खूश. "बघ, आता कुठं हिला माझा हात कळला!" मागे बसून जयमालाबाई गालात हसत होत्या. राजूर मागे पडलं. निम्मी चढण चढली. आणि टाकीतल्या गंजाचा एक कण येऊन माझ्या भोकात अडकला. गाडी खोकली आणि थांबली.

आदिनाथरावांनी वाटी उघडली. मला पाहिलं. "हा माझा जेट न्हाई!"

जयमालाबाईंनी पदराची गाठ सोडली. "तुमचा हा हाय. लावा. मी येते चालत." आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच आदिनाथराव घाबरले. त्यांनी वर वळणाकडे पाहिलं. मग बायकोच्या चपलांकडे पाहिलं. टाचा एका बाजूने पार झिजलेल्या. ऐंशीचं ॲव्हरेज कुठून येत होतं ते बहुधा त्यांना त्या टाचांवर दिसलं.

त्यांनी बारीक जेट खिशात टाकला. "लई चाललीस. आज बसायचं."

मग लगेच हत्यारांच्या पिशवीतून स्टोव्हची पिन काढून ते माझ्यावर धावले!

"आवं, पिन न्हाई!" जयमालाबाईंनी मला हिसकावलं, ओठांशी धरलं आणि जोराने फुंकर मारली. कण उडाला. पेट्रोलच्या चवीने त्यांनी असं काही तोंड केलं की दोघंही रस्त्यात उभी राहून हसत सुटली.

गाडी दोघांना घेऊन थेट दारात गेली. रश्मी भाकरतुकडा घेऊन उभी. "अगंबया! वन्सं आज गाडीवर?"

"व्हय. शेरडं मागं ऱ्हायली."

पाळण्यात वाकून आत्याने कुर्र केलं, 'दिशा' हे नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. पुढे टपरीवर आदिनाथराव सांगत, "पंचावन्न देती. पन दोघांना घिऊन देती!"

पुढे गाडी विकली, तेव्हा जयमालाबाईंनी छगनकडून मला काढून घेतलं. आता मी त्यांच्या बटणांच्या डब्यात असतो. मित्रांनो, घरात काही तुंबलं, अडलं, रुसलं, तर लगेच पिन घेऊन धावू नका. आधी एक फुंकर घालून बघा. माझ्यासारख्या धातूच्या तुकड्यालाही ती पुरली.

सुट्टीत पाच वर्षांची दिशा आत्याकडे येते, डबा पालथा करते आणि मला शोधून फुंकते. माझ्यातून बारीकशी शीळ निघते. ती ऐकली की आदिनाथराव ओट्यावरून ओरडतात, "चला गं, गाडी सुटली!"