कागदाची मागची बाजू

आमच्या घरात पत्र लिहायचं ते कागदाच्या एकाच बाजूला, असा बाबांचा नियम होता. मागची बाजू कोरी सोडायची. कारण पत्र वाचताना बाबा चुकलेल्या वाक्याखाली लाल रेघ मारत, मग ते वाक्य कात्रीने कापून कार्डावर चिकटवायचं, त्याखाली बाबा दुरुस्त वाक्य आणि त्या दिवशीची तारीख लिहीत. उरलेलं पत्र केराच्या टोपलीत. बाबा इंग्रजीचे मास्तर. इंग्रजी लिहिताना आपली माणसं कुठे कुठे ठेच खातात, याचं एक पुस्तक त्यांना काढायचं होतं. आता ठेच खाणारी माणसं आणायची कुठून? जुने विद्यार्थी पत्रं पाठवत, आणि घरात दोन मुली होत्याच. म्हणून बाहेरगावाहून आम्ही पत्र लिहायचं ते इंग्रजीत, आणि चुकलो की जायचं त्या त्या शब्दाच्या कार्डांच्या खोक्यात.

मी थोरली. लग्न केलं नाही, कचेरीत टायपिस्ट म्हणून नोकरी केली, आणि तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते. आई लवकर गेली, तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची दुखणी मी काढली. तिचं लग्न होऊन ती लांब गेली आणि अकराव्या महिन्यात वारली. ताप डोक्यात गेला, असं सासरकडून कळलं. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी सगळं आटोपलं होतं. तिची खोली तेवढी दाखवली. त्या खोलीच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती. जुनं घर आहे, असं तिची सासू म्हणाली, आणि बाबांनी मान डोलावली.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं मला एकच गोष्ट आतून खात आली आहे. तिथे तिचं काही बिनसलं असेल, तर तिने मला का सांगितलं नाही? जिला मी अंगाखांद्यावर वाढवलं, तिने मला एकदा हाक मारू नये? माझा तिच्यावर राग होता. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरला होता.

यंदा एका प्रकाशकाने बाबांचं पुस्तक घ्यायचं कबूल केलं. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, भिंगाशिवाय अक्षर दिसत नाही. ते खुर्चीत बसून सांगतात, मी टाइप करते. गेल्या आठवड्यात आम्ही 'ॲज' या शब्दापाशी आलो.

"हा धडा नीट घे," बाबा म्हणाले. "इथे भलेभले आपटतात. नुसतं नाम असेल तर 'लाइक' चालतं. आईसारखी, घरासारखं. पण 'इन', 'ॲट', 'ऑन' अशा शब्दाने सुरुवात झाली, घरात, शाळेत, रविवारी असं काही आलं, की त्याच्या आधी 'ॲज' हवा. 'ॲज इन अवर हाउस.' 'लाइक इन' म्हणतात ते बोलण्यात. लिहिताना नाही."

"मराठीत बरं आहे," मी म्हटलं. "'सारखं' लावलं की सुटलो."

"म्हणूनच तर चुकतात," बाबा म्हणाले. "धाकटीला हे मी नववीत शिकवलं होतं. एकदा सांगितलं, पुन्हा कधी चुकली नाही. तुला मात्र दहादा सांगावं लागलं."

ते खरं होतं. उदाहरणं शोधायला मी 'ॲज'चं खोकं काढलं. ते खिडकीखाली सर्वांत तळाशी होतं आणि त्याला कसर लागली होती. या किडीला खळ आवडते. आम्ही चिकटवायला पिठाची खळ वापरायचो, ती कसरीने खाऊन टाकली होती. झाकण उघडलं तर कार्डं एकीकडे आणि कापलेले तुकडे एकीकडे. मी सगळं खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतलं आणि जुळवत बसले.

त्यात धाकटीचे चार तुकडे निघाले. निळी शाई, गोल अक्षर. चारही कार्डांवर तारीख एकच. म्हणजे एकाच पत्रातले. इथे, आपल्या घरातल्यासारखंच, पहाटे गार असतं. इथे, आपल्या शाळेतल्यासारखंच, घंटा वाजली की जेवायचं. असली साधी चार वाक्यं, आणि चारही ठिकाणी 'लाइक इन', 'लाइक ॲट'.

ते पत्र मला आठवलं. बाबा त्या दिवशी किती वैतागले होते. "एका पानात तीच चूक चारदा! लग्न झालं आणि डोक्याला गंज चढला हिच्या." उत्तरातही त्यांनी तेच लिहिलं होतं. आणि कात्री माझ्या हातात होती.

जी मुलगी ही चूक कधी करत नव्हती, तिने ती चारदा केली. टायपिस्ट बाईला एवढं दिसायला बावीस वर्षं लागावीत, धन्य आहे. मी पहिला तुकडा उलटा केला.

मागे पेन्सिलीने, बारीक, मराठीत लिहिलं होतं. शब्द पुसट झाले होते, खळीचे डाग पडले होते, पण वाचता येत होतं. मी चारही तुकडे उलटे करून ओळीने मांडले.

ताई, मी इथे राहू शकत नाही. मला कोंडतात.

फोनवर बोलता येत नाही, कुणीतरी शेजारी उभं असतं. पत्र टाकायच्या आधी दीर वाचतो, मग मी पाकीट बंद करताना हे लिहिते.

बाबांना सांगू नकोस, ते म्हणतील जुळवून घे. तू एकटी ये.

चौदा तारखेपर्यंत वाट बघीन. नाही आलीस तर तुलाही जमत नाही असं समजेन. रागावणार नाही.

मी टेबलाची कड धरून बसले.

तिने सगळं बरोबर केलं होतं. चुकलेली वाक्यं तेवढी कापली जाणार, म्हणून ती मुद्दाम चुकली होती. घरी होती तेव्हा कापण्याचिकटवण्याचं काम तिचंच होतं. ती तुकडा पालथा घालायची, त्याच्या पाठीला खळ लावायची आणि मग कार्डावर दाबायची. म्हणजे चिकटवणाऱ्याला पाठ दिसणारच. बाबा पाठ कधी बघत नाहीत, ताई बघणार, हा तिचा हिशेब. पण तिच्या हातचे कागद सुरकुतायचे. ती सासरी गेली, काम माझ्याकडे आलं, आणि मी शहाणीने सुधारणा केली. खळ कार्डाला लावायची आणि वरून तुकडा अलगद ठेवायचा. एकही सुरकुती नाही. बाबांनी कौतुक केलं होतं. तिची हाक मी माझ्या हाताने, नीटनेटकी, चिकटवून टाकली.

त्यानंतरच्या तिच्या पत्रांत एकही चूक नव्हती. "सुधारली बघ पोरगी," असं बाबा म्हणाले होते. चूक नाही म्हणून कापलं नाही, आणि कापलं नाही म्हणून ती सगळी पत्रं केरात गेली.

"सापडली का गं उदाहरणं?" बाबांनी बाहेरून विचारलं.

बाबांना सांगू नकोस, असं तिने लिहिलं होतं. बावीस वर्षांत तिचं एवढं एकच मागणं माझ्यापर्यंत पोचलं, आणि तेही मला पाळवेना. एकटीने हे उचलायची ताकद माझ्यात नाही. मी चार तुकडे घेऊन बाहेर आले, त्यांच्या समोरच्या लिहायच्या फळीवर पालथे मांडले आणि भिंग हातात दिलं.

"उलटे ठेवलेस," ते म्हणाले.

"तसेच वाचा."

त्यांनी लाल पेन उचललं, सवयीने. मग भिंग पहिल्या तुकड्यावर नेलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर ते फार वेळ थांबले. चौथा वाचून झाला तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते काही केल्या नीट बसेना, शेवटी मी लावून दिलं.

"चौदा तारखेला आपण कुठे होतो?" त्यांनी विचारलं.

मी खोक्यात बघून आले होते. त्या तारखेची सहा कार्डं होती, विद्यार्थ्यांच्या पत्रांतली, सहाही मी चिकटवलेली.

"घरीच होतो, बाबा," मी म्हटलं. "कार्डं चिकटवत होतो."