पिंकीचा दिवस

"अजून एक कागद द्या न सायेब," धर्मेंद्र म्हणाला. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या आणि पिंकी आत्ता कुठे शाळेतून घरी आली होती.

हरिहर वकिलांनी कागद दिला. अमरावतीच्या कोर्टात ते मध्यस्थ होते. घटस्फोटाचं जुळलं आणि लेकराच्या ताब्यावर घोडं अडलं, की ते नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवत आणि लेकराचा दिवस लिहायला सांगत. एकमेकांची सात पिढ्यांची लक्तरं तोंडपाठ असलेली माणसं या कागदापुढे पेन चावत बसतात, असा त्यांचा अनुभव.

धर्मेंद्र अकोल्याला वीज उपकेंद्रात ऑपरेटर. तासातासाची नोंद करण्यातच त्याच्या नोकरीची वर्षं गेली. ज्योत्स्ना नर्स. दीड वर्षापूर्वी तिची अमरावतीला बदली झाली, तेव्हापासून सहा वर्षांची पिंकी त्याच्याजवळ अकोल्यातच, जठारपेठेत होती. 'उठल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. वरणातली मोहरी वेचून काढते. कुकरच्या शिटीले भेते.' लिहिताना त्याला वाटत होतं, ही परीक्षा आहे आणि आपल्याला पेपर फुटलाय.

"तिचं किती झालं?" त्याने बायकोच्या खोलीकडे मान वळवून विचारलं.

"सहा ओळी."

"पाहा! अन् पोरगी पाह्यजे म्हन्ते."

"तुमचा कागद त्यांना दाखवू? परवानगी लागते तुमची."

"दाखवा न! वाचू द्या जरा. डोये उघडतीन."

मग दोघांना समोरासमोर बसवलं. नव्या पेशंटचा केसपेपर वाचावा तसा ज्योत्स्नाने तो कागद सावकाश वाचला. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'रात्री शेजारच्या आशाबाईजवळ झोपते. दोनदा उठते. मले शोधते.'" तिने मान वर केली. "अन् तुमी कुठी असता?"

"ड्युटीवर. तुले माईत नाही काय?"

"आशाबाईले तं ऐकू येत नाही."

हीच ओळ त्याने सगळ्यात कौतुकाने लिहिली होती.

"दिवसपाळी मागतली म्या," तो म्हणाला. "दोनदा अर्ज देल्ला."

न्यायाधीशाने निकाल दिला तर माणसाला निदान घरी जाऊन त्याला शिव्या देता येतात. मध्यस्थीत तीही सोय नाही.

"निर्णय तुमचाच आहे, धर्मेंद्रजी," हरिहर म्हणाले. "बळजबरी कोणाचीच नाही."

धर्मेंद्रने कागद स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"तुही ड्युटी दिवसाचीच हाय न?"

"हो. अन् माय बी असते घरी, राजापेठेत."

"मंग राहू दे तुह्यापाशीच."

पुढचं भराभर झालं. दुसरा आणि चौथा रविवार बापाचा, शाळेच्या सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. हरिहर खुश होते. तिसऱ्याच बैठकीत प्रकरण मिटलं होतं.

"तुमचा कागद करारनाम्याला जोडून घेऊ," ते म्हणाले. "आईला फार उपयोगी पडेल."

धर्मेंद्र सही करायला वाकला, तेवढ्यात ज्योत्स्नाने विचारलं, "वेण्यांचं नाही लिहिलं तुमी. माह्या हातच्या सुटतेत म्हन्ते पिंकी."

"पयले डावी घालावी लागते," तो म्हणाला. "कानामांगून. अशी."

त्याने पेन ठेवलं. टेबलावरच्या मोकळ्या हवेत त्याची जाड बोटं तीन पेड सारखे करू लागली. एकावर एक, घट्ट, खालपर्यंत. ज्योत्स्ना खुर्ची पुढे सरकवून पाहत होती. वेणी संपली, तसं त्याने टोक चिमटीत धरलं आणि रिबीन घ्यायला दुसरा हात पुढे केला.