अर्धी वाटी, चाळीस मिनिटं

ऑपरेशननंतर सव्वा महिन्यानं छोटी दुकानात परतली तेव्हा दादानं तिला तब्येतीचं काही विचारलं नाही. हातातली हातोडी खाली न ठेवताच तो म्हणाला, "डब्यात काय आणलंस?"

दुकान दोघा भावंडांचं. जुने सोफे, खुर्च्या, बाकं उसवायची, आतलं कुजकं काढायचं, नवं भरायचं आणि वरून कापड चढवून द्यायचं. वडिलांच्या मागे एकवीस वर्षं दोघं तेच करत होती. सांगाडा, स्प्रिंगा, तागाचे पट्टे ही दादाची बाजू. कापड बेतणं, शिवणं आणि शेवटचा हात फिरवणं छोटीकडे. घरातलं शेंडेफळ म्हणून तिला छोटी म्हणायचे, ते चव्वेचाळिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. एकशे अठरा किलोच्या बाईला दादा "छोटे, दाभण दे गं" म्हणाला की नवं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, तिथे आणखी कुणी उभं आहे का म्हणून. सगळ्यात आधी हसायची ती छोटीच.

दादाही अंगानं तिच्या तोडीस तोड. दुपारी एक वाजला की शटर अर्धं खाली यायचं, कापायच्या टेबलावरची कात्री आणि खडू बाजूला व्हायचे, आणि दोघं समोरासमोर बसायची. चांगला तासभर. आई गेली तेव्हाचं, दादाच्या लग्नाचं, छोटीच्या मोडलेल्या संसाराचं, सगळं बोलणं त्या टेबलावर झालं होतं. माया बोलून दाखवायची पद्धत त्यांच्या घरात नव्हतीच. दादा आपल्या डब्यातला सगळ्यात मोठा बटाटा न बोलता तिच्या झाकणात ठेवायचा, ती तो न बोलता खायची, आणि विषय संपायचा.

मग गेल्या वर्षी एका दुपारी ती तीन बैठकांच्या सोफ्याखाली शिरली. तळाचं कापड ठोकून झालं आणि तिला उठताच येईना. गुडघे वाकेनात, पोट आडवं येत होतं. शेवटी दादानं सोफाच उचलून कडेला केला आणि तिला हाताला धरून उभं केलं. दोघं पोट धरून हसली. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या तर चार वर्षं चालूच होत्या. घरी जाताना ती थेट दवाखान्यात गेली आणि चिठ्ठी काढून बाकावर बसली. कुणाला विचारलं नाही, कुणी सुचवलंही नव्हतं.

"याला स्लीव्ह म्हणतात," डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची एक नळी ठेवायची."

"म्हणजे बाही," छोटी म्हणाली. "पोतं आहे, त्याची बाही बेतायची."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. फक्त हे पुन्हा उसवून मोठं करता येत नाही, हे लक्षात ठेवा."

"माझी कुठलीच शिवण मी उसवायच्या हिशेबानं घालत नाही," ती म्हणाली आणि सही केली.

दादाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझं तू बघ." तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ऑपरेशननंतरचे पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. औषधाच्या मापानं सूप, तेही घोट घोट. गंमत अशी की पोटाला भूक नव्हतीच. भूक होती डोळ्यांना, नाकाला आणि हातांना. नवव्या दिवशी शेजारच्या खिडकीतून परतलेल्या कांद्याचा वास आला आणि ती चक्क रडली. मग तोंड धुतलं, उरलेलं सूप संपवलं आणि दहाव्या दिवसाला लागली. पातळावरून घोटलेल्यावर आली, घोटलेल्यावरून मऊवर. आहाराचं बघणाऱ्या बाई होत्या, बारीक आवाजाच्या पण बोलायला फार स्पष्ट. त्या म्हणाल्या, "आधी अंडं, मासा, दही. मग जागा उरली तर बाकीचं. घास तोंडातच पातळ झाला पाहिजे. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. आणि पोट 'बस' म्हणालं की बस. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळतं. तुमची खूण तुम्हीच ओळखाल."

छोटीची खूण निघाली शिंक. एकच शिंक, पण नेमकी. ती आली की पुढचा घास म्हणजे आगाऊपणा.

तर त्या पहिल्या दिवशी दादानं तिचा डबा उघडून बघितला. एक उकडलेलं अंडं आणि दोन चमचे दही.

"हे जेवण आहे की नमुना?" तो म्हणाला.

"जेवण."

तो खाली मान घालून जेवायला लागला आणि दहा मिनिटांत त्यानं ताट स्वच्छ केलं. छोटीचं तेव्हा पाव अंडंही संपलं नव्हतं. तो काही क्षण बसला, मग उठून मागच्या खोलीत स्प्रिंगा मोजायला गेला. दुसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी बरोबर एकच्या ठोक्याला त्याला बाहेर काम निघालं, आणि मग ते रोजच निघायला लागलं. छोटी अर्धं शटर ओढून एकटीच टेबलाशी बसायची. अर्धी वाटी खायला तिला चाळीस मिनिटं लागत. पण आजवर त्या टेबलावरची चाळीस मिनिटं तिला कधी लांब वाटली नव्हती, ती आता वाटू लागली.

कोडं सोडवलं वहिनीनं. फोन करून म्हणाली, "अगं, हा बाहेर कुठे जेवत नाही. डबा तसाच घरी आणतो आणि संध्याकाळी उभ्याउभ्या खातो. काल विचारलं तर म्हणाला, ती समोर बसून मुंगीएवढा घास खाते आणि मला माझ्या ताटाची लाज वाटते. तू त्याला काही म्हणालीस का?"

"मी ब्रसुद्धा काढला नाही, वहिनी."

"तेच चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी छोटीनं एक वाजायच्या आधीच शटर ओढलं. "आज बाहेरचं काम उद्यावर टाक," ती म्हणाली. दादा कुरकुरत बसला. वहिनीनं मासा आणि बटाटे दिले होते. छोटीनं आपल्या वाट्याच्या माशाचे चार घास खाल्ले, आणि शिंक आली. ती चमचा खाली ठेवणार तेवढ्यात दादानं सवयीनं, नेहमीसारखा मोठा बटाटा तिच्या झाकणात ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा हात तिथेच थबकला. त्याचा चेहरा बघून छोटीचा धीर सुटला. तिनं बटाट्याचा तुकडा मोडला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसराही.

तिसऱ्यानंतर छातीच्या मधोमध मूठ आवळल्यासारखी कळ आली. तोंडात लाळ साठू लागली, कपाळावर घाम आला. ती मागच्या मोरीपर्यंत कशीबशी पोचली. फेस येत राहिला. दादा मागे उभा, तोंडचं पाणी पळालेलं, एका हातात टॉवेल आणि एका हातात फोन. "गाडी बोलावतो," तो म्हणाला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. असं एकदा घरीही झालं होतं, किती वेळ चालतं ते तिला माहीत होतं. वीस मिनिटांनी कळ उतरली. ती मागच्या खोलीत एका उसवलेल्या आरामखुर्चीच्या हातावर बसली.

"शिंक आली होती ना?" दादानं विचारलं.

"तुला माहितीये?"

"पहिले तीन दिवस बघितलं ना. शिंकतेस आणि डबा बंद करतेस."

"आली होती."

"मग खाल्लंस कशाला?"

"तू वाढलंस म्हणून."

दादानं फोन खिशात ठेवला. छोटीला वाटलं, आता बोलले नाही तर हे असंच चालायचं.

"ऐक. मी तुझ्या ताटाकडे बघून नाक मुरडत नाही. तू चार जणांचं खा नाहीतर दोघांचं, तो तुझा प्रश्न. मी हे केलं कारण मला सोफ्याखालून आपलं आपण उठायचं होतं. मला दोनच गोष्टी हव्यात. वाढू नकोस, आणि उठून जाऊ नकोस."

"वाढायचं नाही तर मग मी करू काय?"

"बोल."

"काय बोलू?"

"एकवीस वर्षं बोलतोयस की."

"मी कुठे, तूच बोलायचीस," दादा म्हणाला. "मी खायचो."

हे अगदी खरं होतं. छोटी हसली, आणि हसताना दुखलं म्हणून थांबली.

दुसऱ्या दिवसापासून दादा बसायला लागला. जेवण दहा मिनिटांत उरकायचं आणि उरलेला अर्धा तास त्याला काढावा लागायचा. छोटीच्या तोंडात घास घोळत असायचा, त्यामुळे तिला मध्ये तोंड घालता येत नसे. नाइलाजानं तो बोलू लागला. आधी लाकडाबद्दल, मग गिऱ्हाइकांबद्दल, मग वडिलांना तो किती घाबरायचा त्याबद्दल. आणि आयुष्यात पहिल्यांदा छोटी नुसती ऐकत बसली. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की तिनं काही विचारलं की दादा मान वळवून उजवा कान पुढे करतो.

"डावीकडून ऐकू येत नाही तुला?"

"येतं की."

तिनं चमचा तोंडासमोर धरून हळूच विचारलं, "मग मी आत्ता काय म्हणाले?"

"काय?" म्हणत दादानं पुन्हा उजवा कान पुढे केला. दोन वर्षं तो हे लपवत होता, वहिनीपासूनसुद्धा. त्याच आठवड्यात छोटी त्याला कान तपासायला घेऊन गेली. यंत्र बसलं. पहिल्या दिवशी दुकानात येऊन तो म्हणाला, "तुझं शिवणयंत्र इतकं खडखडतं, हे मला कुणी सांगितलं नाही." आणि संध्याकाळपर्यंत त्यानं त्याला तेल घातलं.

सगळं सरळ चाललं होतं असं नाही. तिसऱ्या महिन्यात वजनाचा काटा अठ्ठ्याण्णववर येऊन बसला आणि तीन आठवडे हलला नाही. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. भर दुपारी तिला थंडी वाजायची. आहाराच्या बाईंनी तिची जेवणाची वही बघितली आणि म्हणाल्या, "हे होतं. गोळ्या चुकवू नका, अंडं चुकवू नका, आणि काट्यावर रोज उभ्या राहू नका." छोटीनं वजनकाटा कपाटाच्या वर टाकला आणि केस कापून आखूड केले.

एक जुनं गिऱ्हाईक, खुर्ची न्यायला आलेली बाई, तिला खालून वर न्याहाळत म्हणाली, "बरंय बाई तुमचं. आम्हाला घाम गाळावा लागतो. तुम्ही सोपी वाट धरलीत."

"या ना उद्या एक वाजता," छोटी शांतपणे म्हणाली. "एक अंडं देते. चाळीस मिनिटं पुरवून खा, वर पाणी प्यायचं नाही. सोपं वाटलं तर रोज या." त्या बाईनं खुर्ची उचलली आणि ती निघाली.

पाचव्या महिन्यात नाट्यगृहाचं काम आलं. एकशे साठ खुर्च्या, सगळ्या जागेवरच करायच्या, कारण त्या जमिनीत बोल्टनं बसवलेल्या. रांगांमध्ये झोपून खालून कापड ठोकायचं. दादा म्हणाला, "खालच्या कामाला एक माणूस लावू."

"माणूस आहे," छोटी म्हणाली आणि दोन रांगांच्या मध्ये आडवी झाली. तोंडात चुका धरल्या, पाठ टेकली आणि ठोकायला सुरुवात केली. वीस खुर्च्या झाल्यावर ती कुशीवर वळली, हात टेकला आणि उठली. गुडघे कुरकुरले, पण उठली. दादा वरच्या रांगेत काम करत होता. त्यानं बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाईंनी दोघांना जेवायला आपल्या खोलीत बोलावलं. ताटं भरून वाढली. छोटीनं आधी मासा घेतला, तोही बेताचा. दहा मिनिटांनी बाई म्हणाल्या, "अहो, काय हे, चिमणीसारखं. घ्या ना अजून. एवढं राबता, एवढ्यावर कसं भागेल?" आणि त्यांनी डाव उचलला.

छोटीच्या तोंडात घास होता. दादानं हात पुढे करून तिच्या ताटावर आडवा धरला.

"ती जेवतेय," तो म्हणाला. "तिला वेळ लागतो. तिचं होईपर्यंत आपण बोलू. या पडद्यामागचं यंत्र किती जुनं आहे हो?"

बाईंनी डाव परत ठेवला आणि यंत्राची गोष्ट सांगायला घेतली. ती बरीच लांबली. छोटीनं आपला मासा निवांत संपवला, भाजीचे दोन घास खाल्ले आणि पुरे झाल्यावर ताट बाजूला सारलं. दादानं दुसऱ्यांदा भात घेतला, मनापासून, कुणाकडे न बघता.

काम अकराव्या दिवशी संपलं. तोवर छोटी शहाऐंशीवर आली होती आणि साखरेच्या गोळ्या निम्म्यावर. डॉक्टर म्हणाले, अजून दहाबारा किलो उतरतील, मग थांबेल. "थांबू दे की," ती म्हणाली. हवं तिथे ती आताच पोचली होती. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची ठोकून ती खालून बाहेर आली, अंगावरची धूळ झटकली आणि दादाला म्हणाली, "चल, दुकानात दोन सोफे वाट बघतायत."