पुरा कोयता

"मयत कवा देनार वो?" केशरबाईनं पुन्हा विचारलं. काउंटरवरच्या पप्पूनं मान वर न करता बिल पुढे सरकवलं. "आदी हे भरा, मावशी."

आप्पाराव पहाटेच गेला होता, आणि बायकोला अजून त्याचं तोंडही नीट बघू दिलं नव्हतं. काय म्हणावं या माणसांना! परभणीच्या या दवाखान्यात त्याला भरती करताना सांगितलेला आकडा तिनं बोरमाळ मोडून केव्हाच भरला होता. तो मेल्यावर त्या आकड्याच्या दुपटीनं नवं बिल निघालं. गावाकडं राणीसावरगावात लाकडं रचून भावकी ताटकळली होती. दिवस मावळायच्या आत माती व्हावी, एवढंच आता तिला कळत होतं.

बारावीतली लेक वैष्णवी भिंतीवरची पाटी वाचून तरातरा आली. "दादा, बिलापायी मयत अडवता येत न्हाई. कायदाच हाय. तुमच्याच भिंतीवर लिवलंय."

"पाटी सरकारची हाय, ताई. दवाखाना साहेबांचा."

पोरगी हटली नाही. तिनं पाटीखालचा तक्रारीचा नंबर लावला. पलीकडची बाई गोड बोलली, सगळं ऐकून घेतलं, आणि सोमवारी लेखी अर्ज द्या म्हणाली. आज होता शनिवार.

"सोमवारपस्तोर माज्या बापाला असंच ठिवायचं का?" वैष्णवी ओरडली. फोन तोवर बंद झाला होता.

मग केशरबाईनं ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या परमेश्वर मुकादमाला बोलावलं. तो लगेच आला. अशा वेळी मुकादम लगेच येतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या बाईचा अर्धा कोयता, आणि आगाऊ उचलही अर्धीच.

"अर्ध्यात हे बिल फिटत न्हाई, वहिनी," तो हळूच म्हणाला. त्याची नजर वैष्णवीकडे गेली.

केशरबाईनं मनात हिशोब केला. पोरीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, आणि फडावरून माघारी यायचं ते उन्हाळ्यात. बाहेर ऊन कलत चाललं होतं. आपण लेकीच्या नरड्यावर पाय द्यायलोय, हे तिला चांगलं कळत होतं. तरी ती म्हणाली, "लिवा. पुरा कोयता लिवा."

पैसे भरले, आणि हां हां म्हणता आप्पाराव बाहेर आला.

गाडीत वैष्णवी बापाच्या पायाशी बसली. गंगाखेड मागे पडलं. केशरबाई तिच्याकडे बघायला धजत नव्हती.

"आई," शेवटी पोरगीच म्हणाली, "ऊस मी तोडू, का मोळ्या वाहू? मला दोनी येत न्हाई."

"शिकवीन," केशरबाई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं.